वाट आणि वाघ्या

निवृत्त शिक्षकाकडून लोकांच्या दोन अपेक्षा असतात. त्याने सकाळी फिरायला जावे आणि जुन्या गोष्टी सांगाव्यात. पहिली अपेक्षा मी बरीच वर्षे टाळली. दुसरी मात्र कुणी न सांगताही पुरी करत आलो! आता सत्तरी ओलांडल्यावर दोन्ही एकदम सुरू झाल्या आहेत आणि त्याला कारण एक कुत्रा आहे.

कुत्र्याचे नाव वाघ्या. जात विचारू नका, अस्सल गावठी. रंग तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात ओसरीवर येऊन बसला तो बसलाच. नातवाने पुण्याहून फोनवर "आजोबा, त्याचं नाव ब्रुनो ठेवा" असे सुचवले होते. पण आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला ब्रुनो म्हटले की १६०० साली रोममध्ये जिवंत जाळलेला ब्रुनोच आठवतो. रोज संध्याकाळी अंगणात उभे राहून त्याच्या नावाने हाका मारणे मला काही जमले नसते. म्हणून वाघ्या.

तरुणपणी मी भरपूर चाललो. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली नेमणूक झाली तेव्हा शाळेच्या गावाला एस.टी. जात नव्हती. नदी उतरून, शेताच्या बांधांवरून जायचे. पावसाळ्यात चपला हातात आणि हजेरीपट धोतराच्या फडक्यात गुंडाळून काखेत. मुलांच्या सहलीसुद्धा पायीच निघायच्या, सोबत भाकरी आणि तिखटाची पुडी. पुढे कधीतरी लुना घेतली आणि पाय निवृत्त झाले. मी त्यांच्यामागून बऱ्याच वर्षांनी झालो.

डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगून "सर, रोज पाऊण तास चाला" म्हटले. शाळेच्या मैदानाला घाण्याच्या बैलासारख्या फेऱ्या मारायचा मला कंटाळा येई. पण वाघ्याने हा प्रश्न सोडवला. त्याला डांबरी सडक मुळीच आवडत नाही. गाव संपले की तो उजवीकडे बाभळींमध्ये शिरतो आणि मागे वळून बघतो. त्याच्यामागे जाता जाता माझ्या लक्षात आले की ह्या वाटा मला ठाऊक आहेत. काही पन्नास वर्षांपूर्वी तुडवलेल्या, तर काही नुसत्या पुस्तकातून माहीत असलेल्या.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना राजगड आहे, तोरणा आहे, हरिश्चंद्रगड आहे. आमच्या हिंगोलीच्या वाट्याला सह्याद्री आलेला नाही. अजिंठ्याची रांग पूर्वेकडे येता येता दमते आणि तिचे फाटे इकडे पसरतात. त्यांनाच भूगोलाच्या पुस्तकात 'हिंगोलीचे डोंगर' म्हटले आहे. डोंगर कसले, माळच. पळस, निंब, हिवर, बोरी. उन्हाळ्यात कुसळे आणि गोखरू. उत्तरेला पैनगंगा, मधून कयाधू, दक्षिणेला पूर्णा. चढ फार नाहीत, त्यामुळे माझ्या गुडघ्यांना हा भूगोल मानवतो. पण इतिहास म्हणाल तर ह्या माळावर किती पावले उमटली आहेत, त्याला गणती नाही.

वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथे दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट सापडले आहेत, साधारण चौथ्या शतकातले. वा. वि. मिराशी यांनी ज्या वाकाटक लेखांचा अभ्यास केला, त्यांतला हा एक. त्यात एक गाव दान दिल्याची नोंद आहे आणि ते गाव कुठे, तर नांदीकडाच्या 'उत्तर मार्गा'त. नांदीकड म्हणजे आजचे नांदेड. इथे 'मार्ग' हा शब्द प्रांताचा भाग, आजच्या भाषेत तालुका म्हणा, ह्या अर्थाने आला आहे. मला ह्या शब्दाचे फार अप्रूप वाटते. मुलुखाची ओळख वाटेवरून! आता नकाशा काढा आणि वाशीम ते नांदेड पट्टीने रेघ मारा. ती आपल्या हिंगोली जिल्ह्यातूनच जाईल. सोळाशे वर्षांपूर्वी राजधानीतून नांदेडकडे निघालेला माणूस ह्याच मुलुखातून पैनगंगा आणि कयाधू उतरला असेल. आणि माणूस होता म्हणजे मागे कुत्रे असणारच!

असणारच म्हणतो त्याला आधार आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे दफन सापडले, त्यात माणसांबरोबर कुत्रेही पुरलेले आहे. काश्मिरात बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीतही माणसाशेजारी कुत्रे पुरल्याचे आढळले. म्हणजे माणूस शेती शिकायच्या आधीपासून ही सोबत चालू आहे. बैल, गाय, घोडा हे सगळे नंतरचे.

आपल्या परंपरेने मात्र कुत्र्याला दोन्ही अंगांनी वागवले. एकीकडे 'कुत्र्याचे जिणे' म्हणायचे, त्याचे शेपूट नळीत घालून बघायचे. दुसरीकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या सोबत कुत्रा आणि खंडोबाच्या भक्ताचे नावच वाघ्या. महाभारताच्या शेवटाला सगळे राज्य टाकून पांडव हिमालयाकडे चालू लागले, तेव्हा वाटेत एकेक गळत गेला. धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत टिकले ते एक कुत्रे. कुत्र्याला आत घेणार नसाल तर मला स्वर्गाचा रथ नको, असे त्या म्हाताऱ्या राजाने इंद्राला सांगितले. उतारवयात कुत्र्याला घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसाची ह्याहून जुनी गोष्ट मला तरी माहीत नाही. (आमच्या चिरंजीवांनी "बाबा, गाडीने सोडतो, कुत्रं तेवढं घरी ठेवा" म्हटले तेव्हा मी धर्मराजाचा दाखला दिला. ते हसले आणि गाडी घेऊन गेले.)

हिंगोलीकरांना आणखी एक कुत्रा आपल्या घरचा वाटतो. नामदेव महाराजांचा जन्म १२७० साली कयाधूकाठच्या नर्सीत झाला असे आपण मानतो. जन्मगावाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत खरे, पण ते नर्सीत उभे राहून कुणी बोलून दाखवू नयेत! महाराज जेवायला बसले असताना कुत्र्याने पोळी पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ही गोष्ट महाराष्ट्रात सांगतात, पंजाबातही सांगतात. आता इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगायचे तर ही दंतकथा आहे, पुरावा नाही. पण समाज कुणाबद्दल कोणती दंतकथा जपतो हाही एक पुरावाच असतो. ज्यांना देवळाच्या दारातून मागे सारले, ज्यांना घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्या बाजूने उभा राहणारा संत म्हणूनच नामदेव लोकांच्या लक्षात राहिले. औंढा नागनाथाच्या देवळाचीही तीच कथा. नामदेवांना कीर्तनासाठी मागे जायला सांगितले, तर देऊळच फिरले म्हणतात. तिथला नंदी आजही देवळाच्या मागच्या बाजूला आहे.

दंतकथा बाजूला ठेवली तरी नामदेवांचे चालणे पक्के आहे. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान इथून सरळ रेषेत मोजले तरी तेराशे किलोमीटरहून दूर. उत्तरायुष्याची कितीतरी वर्षे त्यांनी तिकडे काढली. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि २०१५ साली त्याच घुमानात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. हे सगळे अंतर पायी तोडलेले. आपण मात्र दूध आणायला गाडी काढतो. असो.

वाटेची दुसरी बाजूही सांगायला हवी. वाट म्हणजे नुसती भक्ती नव्हे, भीतीही. हिंगोलीत १८१९ पासून १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. ह्याच फौजेच्या खर्चापायी १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. हिंगोलीतल्या वस्त्यांची नावे अजून तीच आहेत. पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार आणि माझी सर्वांत आवडती, पेन्शनपुरा! निवृत्त शिपायांची वस्ती. निवृत्तांना एवढा मान देणारे दुसरे गाव मला ठाऊक नाही.

ह्याच छावणीत एक व्यापारी होता, हरीसिंग नावाचा. साहेब लोकांचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार असे. तो ह्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. निजामाच्या नोकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्या प्रस्तावनेत त्याने ही हकीकत दिली आहे. मुंबईहून कापड आणायचे म्हणून हरीसिंगाने साहेबाकडून परवाना घेतला, वाटेत दुसऱ्याच व्यापाऱ्याला त्याच्या माणसांसह मारले आणि त्याचे कापड त्याच परवान्यावर आणून छावणीत राजरोस विकले. पुढे पकडल्यावर त्याने स्वतः सांगितले म्हणून ते कळले. टेलर स्वतः ह्या माणसाशी व्यवहार केलेल्यांपैकी होता.

हे वाचले की जुनी माणसे "एकटा जाऊ नको, सोबत बघून जा" असे का म्हणत ते कळते. सोबत हा शब्दच वाटेतून जन्मला असावा असे मला वाटते. ज्याला माणसांची सोबत नाही त्याला कुत्र्याची. बंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर कुत्री चालत ती ह्याचसाठी. रात्री बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवून मुक्काम पडला की राखण त्यांची. बारीक कंबरेच्या, लांब पायांच्या ज्या शिकारी कुत्र्यांना आपण कारवानी म्हणतो, त्यांचे नावही कारवाँवरूनच आले असे सांगतात. बंजाऱ्यांची लदेणी म्हणजे त्या काळची मालगाडीच. मीठ, धान्य सगळे त्यांच्या बैलांवरून जाई. १८०३ साली असईच्या लढाईच्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणारे हेच लोक. मग आगगाडी आली आणि लदेणी बसली. बैल विकले गेले, तांडे जागोजाग स्थिरावले. आपल्या जिल्ह्यात आज जे तांडे दिसतात ते थांबलेले प्रवासीच आहेत. पूर्णेहून हिंगोलीपर्यंत निजामाच्या काळात मीटरगेज आली आणि २००८ साली अकोला-पूर्णा मार्ग रुंद झाला. गाडी बदलली, पण तिची दिशा पुन्हा तीच, दक्षिणेकडून वाशीमकडे. वाटा सहसा आपली दिशा सोडत नाहीत.

माझ्या डोळ्यांदेखत वाटा बदलल्या त्या १९७२ च्या दुष्काळात. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. गावेच्या गावे खडी फोडायला गेली. माझे चुलतभाऊ, वर्गमित्र सगळे त्या कामावर होते. मी बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो, सुट्टीत मीही टोपल्या वाहिल्या. सुकडी खाल्ली, मिलोची तांबडी भाकरी खाल्ली. त्यातूनच वि. सा. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना पुढे आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. आमच्याकडचे कित्येक रस्ते त्या उपाशी हातांनी बांधलेले आहेत. त्या रस्त्यांवर नंतर डांबर पडले, एस.टी. धावू लागली, मग फटफटी आल्या. आनंदाची गोष्ट आहे. अडलेली बाळंतीण आता बाजेवरून न्यावी लागत नाही. पण त्यामुळे मधल्या पायवाटा ओस पडल्या. वाट ही विहिरीसारखी असते, उपसा थांबला की बुजते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या जुन्या गावाहून माळावरच्या मारुतीकडे एक पायवाट जाते. गावाच्या नकाशात ती आहे. नकाशा वाचायची एक साधी खूण सांगून ठेवतो. गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी दाखवतात, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायवाट एका तुटक रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. वाघ्या आणि मी त्या वाटेने गेलो, तर मधल्या एका शेतात वाट नव्हतीच. बांधापासून बांधापर्यंत तूर. मी थबकलो, पण वाघ्या नाही. तो तुरीच्या दोन ओळींमधून नाक जमिनीला लावून सरळ गेला आणि पलीकडे बरोबर जुन्या बोरीच्या झाडाखाली निघाला. तिथून पुढे वाट होती! जमिनीवरून माणसाची वाट पुसली तरी रानातल्या जनावरांनी ती सोडलेली नव्हती. रोही, ससे, कोल्हे त्याच ओळीने जात असणार आणि त्यांचा माग वाघ्याच्या नाकाला लागला असणार.

शेताचा मालक माझा विद्यार्थी निघाला. चौथीत माझ्या हाताखाली होता. त्याने वाकून नमस्कार केला, पाणी दिले. मी वाटेचे विचारले तर म्हणाला, "गुरुजी, कोन चालतंय हो आता ह्या वाटंनं? समदे गाडीवर जातेत. तुरीचे चार तास जास्तीचे निघाले तर लेकराच्या फीला होतेत."

ह्यावर चटकन उत्तर देता येईना. त्याच्या आजोबाला वीस एकर जमीन होती. वाटण्या होत होत ह्याच्या वाट्याला अडीच एकर आली. अडीच एकरवाल्याला सव्वाआठ फूट ही लहान गोष्ट नाही. कायदा माझ्या बाजूचा होता. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ प्रमाणे वहिवाटीची वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करता येतो. बांधावरून नवी वाट मागायची तर जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ आहे. पण ज्याला मी पाढे शिकवले, त्याच्यावर दावा लावून मारुतीला जायचे?

मी त्याला एवढेच विचारले, "तुझ्या शेताच्या पलीकडे ज्यांची शेतं आहेत, ते पावसाळ्यात खताची गोणी कुठून नेतात?" तो म्हणाला, "चक्कर मारून, डांबरीवरून." "आणि तुझा ऊस उद्या पलीकडून बाहेर काढायचा झाला, तर?" तो गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, तूर निघू द्या."

तूर निघाली. त्याने सव्वाआठ फूट सोडले नाहीत, पण बांधाच्या कडेने दोन हात पट्टी नांगराविना ठेवली. मी आणि वाघ्या दर रविवारी तिथून जाऊ लागलो. मग पलीकडच्या वस्तीवरच्या दोन मुली सायकली हातात धरून त्या वाटेने शाळेला येताना दिसल्या. त्यांचे दीड किलोमीटर वाचते म्हणाल्या. एक धनगर मेंढ्या घेऊन गेला. होळीपर्यंत तिथे वीतभर रुंदीची पांढरी रेघ उमटली होती. यंदा पेरणीला ती राहते की जाते, हे मला सांगता येणार नाही. त्याची अडचण खरी आहे आणि त्या मुलींचीही खरी आहे. दोघांच्या मध्ये दोन हातांची पट्टी आहे, आणि ती चालणाऱ्यांवर टिकून आहे.

शिक्षक म्हणून मी मुलांना ताम्रपट, शिलालेख, बखरी ही इतिहासाची साधने सांगत आलो. आता त्यात पायवाटेची भर घालावीशी वाटते. ताम्रपट जमिनीत सोळाशे वर्षे पडून राहतो आणि तरी वाचता येतो. पायवाटेचे तसे नाही. ती रोज पायाने लिहावी लागते. दहा वर्षे कुणी लिहिली नाही तर कोरी.

औंढ्याजवळ आता लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. विश्वातल्या दूरच्या घडामोडींनी अवकाशात उठणारे सूक्ष्म तरंग तिथे मोजले जातील. त्यासाठी काटकोनात दोन सरळ नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. आमच्या माळावर प्रकाशासाठी चार किलोमीटरची वाट! मला फार आनंद वाटतो. त्याच माळावर शाळकरी मुलींसाठी दोन हातांची वाटही राहावी, एवढेच मागणे.

शेवटी नातेवाईक मंडळींसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण फोनवर सगळे तेच विचारतात. वाघ्याला रेबीजची लस दरवर्षी टोचून घेतो. आमच्या लहानपणी कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या भीतीने अर्धे गाव कुत्र्याला दगड मारी. आता लस सोपी आहे, तेव्हा कुणी हयगय करू नये. आणि मी एकटा फिरतो अशी काळजी करू नका. काठी आहे, मोबाइल आहे आणि पुढे वाघ्या आहे. तो दर पन्नास पावलांवर थांबून मी येतो की नाही ते बघतो.

तुम्ही जिथे असाल तिथून सवडीने आपल्या मूळ गावी जा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा काढा आणि त्यावरच्या तुटक रेषा मोजा. त्यांतल्या किती जमिनीवर उरल्या आहेत ते चालून बघा. सोबतीला कुत्रे मिळाले तर उत्तम.

आम्ही रविवारी सकाळी साडेसहाला निघतो. कुणाला यायचे असेल तर भाकरी आपापली आणावी, आणि अर्धी जास्तीची. वाघ्याला कोरडी चालत नाही, थोडे तूप लावलेले बरे.